निरीक्षकाची खुर्ची कोणाच्या मर्जीवर?

२५ सप्टेंबर २०२५ रोजी पॅलेस्टाइनचे अध्यक्ष महमूद अब्बास यांनी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे भाषण केलं, पण ते स्वतः तिथे नव्हते. सभागृहातल्या पडद्यावर त्यांचा चेहरा होता. आपल्यापैकी अनेकांनी ती क्लिप मोबाइलवर पाहिली, पुढे पाठवली. मीही पाठवली. एका मित्राने विचारलं, "हे पडद्यावर का?" मी म्हटलं, "अमेरिकेने व्हिसा दिला नाही." त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "पण व्हिसा नाकारायचा त्यांना हक्क आहे का?" या प्रश्नावर मी गप्प बसलो. रागावता येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. नंतर चार-सहा रात्री वाचत बसलो, त्यातून हा अग्रलेख आला.

घडलं ते असं. आमसभेच्या तोंडावर, २९ ऑगस्टला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की पॅलेस्टाइन मुक्ती संघटना आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण यांच्या सदस्यांना व्हिसा मिळणार नाहीत, दिलेले रद्द होतील. न्यूयॉर्कमधल्या पॅलेस्टाइनच्या निरीक्षक मिशनला मात्र यातून सवलत दिली. म्हणजे मिशन चालू राहील, पण ज्यांच्या वतीने ते चालतं ते येऊ शकणार नाहीत. मग १९ सप्टेंबरला आमसभेने १४५ विरुद्ध ५ मतांनी ठराव करून अब्बास यांना व्हिडिओवरून बोलायची मुभा दिली. सहा देश तटस्थ राहिले.

व्हिसाच्या खिडकीपुढे मीही एकदा उभा राहिलो आहे, कंपनीच्या कामासाठी. दोन मिनिटांत नकाराचा कागद हातात आला. कारण विचारायची सोय नव्हती. वाईट वाटलं, पण मनातून मान्यही केलं, कारण दुसऱ्याच्या घरात जायचं तर दार उघडायचं की नाही हे घरमालक ठरवणार. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि सगळा वाद त्या वेगळेपणाचाच आहे. मुख्यालय मॅनहॅटनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर आहे. पण तिथे भरणारी सभा अमेरिकेची नाही. ती जगाची सभा आहे आणि अमेरिका यजमान आहे. यजमानाने काय करायचं आणि काय करायचं नाही, याचा लेखी करार २६ जून १९४७ रोजी झाला. त्याला मुख्यालय करार म्हणतात.

या कराराच्या कलम ११ मध्ये मुख्यालयाकडे येण्याजाण्यात कोणाला अडथळा करायचा नाही याची यादी आहे. त्यात सदस्य देशांचे प्रतिनिधी आहेत, अधिकारी आहेत, पत्रकार आहेत आणि संयुक्त राष्ट्रांनी कामासाठी बोलावलेल्या इतर व्यक्तीही आहेत. कलम १२ सांगतं की त्या व्यक्तीच्या सरकारशी अमेरिकेचे संबंध कसेही असोत, हा नियम लागूच राहील. कलम १३ म्हणतं, व्हिसा लागत असेल तर तो विनाशुल्क आणि होता होईल तितक्या लवकर द्यायचा. वाचताना मला वाटलं, आता यात वाद तो काय उरला?

वाद पुढच्या पायरीवर आहे. दारातून आत येऊ देणं ही एक गोष्ट, आत आल्यावर संरक्षण देणं ही दुसरी. राजनैतिक विशेषाधिकार आणि संरक्षण म्हणतात ते हेच: कार्यालयात पोलिसांनी परवानगीशिवाय शिरायचं नाही, कागदपत्रांना आणि पत्रव्यवहाराला हात लावायचा नाही, प्रतिनिधीला अटक करायची नाही, त्याला तिथल्या कोर्टात खेचायचं नाही, कर लावायचा नाही. कराराचं कलम १५ हे सगळं सदस्य देशांच्या निवासी प्रतिनिधींना देतं. निरीक्षकांबद्दल ते कलम काही बोलत नाही.

या कलम १५ ची ताकद आपण महाराष्ट्रातल्यांनी जवळून पाहिली आहे, फक्त तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकाम करणाऱ्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. वाणिज्य अधिकाऱ्याला संरक्षण असतं ते फक्त कार्यालयीन कामापुरतं. म्हणून भारताने त्यांची बदली केली, त्याच शहरातल्या संयुक्त राष्ट्रांच्या भारतीय मिशनमध्ये. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने त्यांचा नवा दर्जा मान्य केला आणि त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण लागू झालं. त्या भारतात परतल्या. मार्चमध्ये कोर्टाने तो खटला काढून टाकला, कारण आरोपपत्र दाखल झालं त्या दिवशी त्यांना संरक्षण होतं. (फिर्यादी पक्षाने दोनच दिवसांत नवं आरोपपत्र आणलं, ते वेगळं.) शहर तेच, माणूस तोच, कार्यालय बदललं आणि कायद्यातली जागा बदलली. घरकाम करणाऱ्या बाईच्या पगाराचा प्रश्न या सगळ्या गदारोळात मागे पडला, हेही तेव्हा आपल्याकडे फार कमी जणांनी म्हटलं. संरक्षणाला ही दुसरी बाजू असते आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता निरीक्षकाकडे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कायमस्वरूपी निरीक्षकाची तरतूदच नाही. ही सगळी पद्धत वहिवाटीने आली. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडने निरीक्षक पाठवला, महासचिवांनी तो स्वीकारला आणि पायंडा पडला. पुढे जपान, पश्चिम जर्मनी, दोन्ही कोरिया, बांगलादेश असे कितीतरी देश सदस्य होण्याआधी या बाकावर बसून गेले. व्हॅटिकन १९६४ पासून बसतं आहे. स्वित्झर्लंड स्वतः २००२ मध्ये सदस्य झाला. २२ नोव्हेंबर १९७४ रोजी आमसभेने ठराव ३२३७ करून पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला निरीक्षक केलं. २०१२ मध्ये १३८ मतांनी पॅलेस्टाइन 'सदस्य नसलेलं निरीक्षक राष्ट्र' झालं. मे २०२४ च्या ठरावानंतर त्याच सप्टेंबरपासून त्याचा प्रतिनिधी वर्णानुक्रमाने इतर देशांबरोबर बसतो, श्रीलंका आणि सुदान यांच्या मधल्या खुर्चीत. मत मात्र नाही. पूर्ण सदस्यत्वासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे अमेरिकेने नकाराधिकार वापरला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेस्ट अकाउंट नावाचा प्रकार असतो. लॉगिन मिळतं, स्क्रीन दिसतो, काही बटणंही दाबता येतात. ते अकाउंट कधी बंद होईल हे मात्र पाहुण्याला विचारून ठरत नाही. निरीक्षक मिशनचं तसंच आहे. आमसभा एकापाठोपाठ ठराव करून खुर्ची पुढे सरकवते, पण ज्या शहरात ती खुर्ची आहे तिथला कायदा आमसभेच्या हातात नाही.

हे किती नाजूक आहे, ते १९८८ मध्ये दिसलं. ती गोष्ट आपल्या पिढीला कोणी सांगितली नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दहशतवादविरोधी कायदा केला. त्यानुसार पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या सांगण्यावरून किंवा पैशावर अमेरिकेत कोणतंही कार्यालय चालवणं बेकायदा ठरलं. कायदा २१ मार्च १९८८ पासून लागू होणार होता. अमेरिकेत त्या वेळी संघटनेचं महत्त्वाचं कार्यालय उरलं होतं ते एकच, न्यूयॉर्कमधलं निरीक्षक मिशन. गंमत अशी की मिशनच्या लोकांना येऊ देणं आणि राहू देणं ही मुख्यालय करारानुसार आपली जबाबदारी आहे, हे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी आधीच लेखी मान्य केलं होतं. एकाच सरकारचं परराष्ट्र खातं एक म्हणत होतं आणि न्याय खातं दुसरंच करत होतं. ११ मार्चला महान्यायवादी एडविन मीस यांनी मिशनचे प्रमुख झेहदी तेरझी यांना पत्र पाठवलं: २१ तारखेपासून तुमचं कार्यालय चालवणं बेकायदा आहे. तेवढ्यावर न थांबता सरकार मिशन बंद करायला न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं.

कराराच्या अर्थावरून वाद झाला तर काय करायचं, हे मुख्यालय कराराच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं आहे: बोलणी करून मिटलं नाही, तर तीन जणांच्या लवादाकडे जायचं. महासचिवांनी लवाद मागितला. अमेरिकेने टोलवाटोलवी केली. म्हणून २ मार्चला आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला एवढंच विचारलं, की लवादाकडे जाणं अमेरिकेवर बंधनकारक आहे की नाही? न्यायालयाने दोन महिनेही घेतले नाहीत. २६ एप्रिल १९८८ रोजी उत्तर आलं, एकमताने: बंधनकारक आहे. देशाचा अंतर्गत कायदा पुढे करून आंतरराष्ट्रीय जबाबदारी टाळता येत नाही, हे जुनं तत्त्वही न्यायालयाने पुन्हा नोंदवलं. त्या एकमतात अमेरिकेचे न्यायाधीशही होते.

तरी मिशन वाचलं ते हेगमुळे नाही. २९ जून १९८८ रोजी न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती एडमंड पाल्मिएरी यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काँग्रेसला करार मोडायचा असेल तर तसं स्वच्छ शब्दांत म्हणावं लागतं. या कायद्यात मिशनचं किंवा मुख्यालय कराराचं नावही नाही, म्हणून तो कायदा मिशनला लागू होत नाही. सरकारने अपील केलं नाही. लवाद कधी बसलाच नाही.

हा निकाल वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा धास्ती वाटली. याचा सरळ अर्थ असा, की काँग्रेसने उद्या एक वाक्य वाढवलं, मिशनचं नाव घालून, तर अमेरिकेच्या कोर्टापुरती त्या मिशनची ढाल संपली. हेगचं मत तेव्हाही खरंच राहील, पण दाराला कुलूप लागलेलं असेल.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्जियर्समध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राची घोषणा झाली. यासर अराफात यांना आमसभेत बोलायचं होतं. १९७४ मध्ये याच अराफात यांना अमेरिकेने न्यूयॉर्कला येऊ दिलं होतं. या वेळी व्हिसा नाकारला. तेव्हा व्हिडिओचा मार्ग नव्हता, म्हणून आमसभेने जे केलं ते आज वाचताना अद्भुत वाटतं: अख्खी सभाच उचलून जिनिव्हाला नेली. ठरावाच्या बाजूने १५४ देश, विरोधात अमेरिका आणि इस्रायल, तटस्थ फक्त ब्रिटन. १३ डिसेंबर १९८८ रोजी अराफात जिनिव्हात बोलले. एका माणसाला व्हिसा मिळाला नाही म्हणून सगळं जग विमानात बसलं. २०२५ मध्ये त्याच सभेने एक व्हिडिओ लावला. खर्च वाचला, सोयही झाली. पण यजमानाला या वेळी कसलीच अडचण सोसावी लागली नाही. तंत्रज्ञानावर माझं पोट चालतं, तरी हे मला मागे जाणं वाटतं.

आता एक फरक, जो आपल्या चर्चांमध्ये नेहमी गाळला जातो. वॉशिंग्टनमध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचं वेगळं कार्यालय होतं. ते अमेरिका आणि ती संघटना यांच्यातल्या संबंधांसाठी होतं. २०१८ मध्ये अमेरिकेने ते बंद करायला लावलं. ते योग्य होतं असं मी म्हणत नाही, पण तो अमेरिकेचा अधिकार होता. कोणाशी संबंध ठेवायचे, हे प्रत्येक देश ठरवतो, आपणही ठरवतो. न्यूयॉर्कचं मिशन अमेरिकेकडे आलेलं नाही, ते संयुक्त राष्ट्रांकडे आलेलं आहे. दोन्ही बंद करणं सारखंच अन्यायाचं असं म्हटलं, की आपली बाजू दुबळी होते, कारण समोरचा पहिल्या उदाहरणावर आपल्याला सहज गप्प करतो.

आणि मघाशी म्हटलेली दुसरी बाजू. लिऑन क्लिंगहॉफर हे नाव आपल्याकडे फारसं कोणी ऐकलेलं नाही. ६९ वर्षांचे, चाकाच्या खुर्चीतले अमेरिकन ज्यू गृहस्थ. ऑक्टोबर १९८५ मध्ये 'अकिले लाउरो' हे जहाज पॅलेस्टाइन लिबरेशन फ्रंटच्या लोकांनी पळवलं आणि क्लिंगहॉफर यांना गोळ्या घालून खुर्चीसकट समुद्रात टाकलं. कुटुंबाने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, त्यात पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला ओढलं. संघटना म्हणाली, आम्हाला संरक्षण आहे. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, नाही: मुख्यालय करारामुळे मिशनला न्यूयॉर्कमध्ये राहता येतं, पण त्यामुळे संघटनेला खटल्यापासून सुटका मिळत नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांतल्या मिशनच्या कामाचा आधार घेऊन न्यूयॉर्कच्या कोर्टाला संघटनेवर अधिकार सांगता येणार नाही, असंही तेच न्यायालय म्हणालं. पुढे १९९७ मध्ये तडजोड झाली.

मला हा निकाल पटतो. वाचकांपैकी काहींना हे रुचणार नाही, तरी लिहितो. राजनैतिक संरक्षण हे कामाचं असतं. बैठकीला जाणं, भाषण करणं, कागद ठेवणं, आपल्या सरकारशी बोलणं, याला हात लागता कामा नये. चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला मारणाऱ्याची पाठराखण त्या संरक्षणातून होऊ शकत नाही, आणि व्हायची असेल तर ते संरक्षण मागायची आपली लायकी नाही. अमेरिकन काँग्रेसने २०१९ मध्ये अशा दाव्यांसाठी नवा कायदा केला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्या कायद्याच्या इतर भागांवर बरंच बोलता येईल. पण त्यातसुद्धा फक्त संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी असलेलं कार्यालय वगळलेलं आहे.

म्हणजे आजची स्थिती अशी, की एका जिल्हा न्यायाधीशाने लावलेला अर्थ, एका कायद्यातलं अपवादाचं कलम आणि परराष्ट्र खात्याची दरवेळची सवलत, एवढ्यावर हे मिशन उभं आहे. तिन्ही यजमानाच्याच हातात.

याहून पक्की व्यवस्था कागदावर आहे. १४ मार्च १९७५ रोजी व्हिएन्नात एक करार मंजूर झाला, आंतरराष्ट्रीय संघटनांकडे पाठवल्या जाणाऱ्या देशांच्या प्रतिनिधींविषयीचा. त्यात सदस्य नसलेल्या देशांच्या कायम निरीक्षक मिशनलाही सदस्यांच्या मिशनसारखेच विशेषाधिकार दिले आहेत. डिसेंबर १९८० मध्ये आमसभेने ठराव ३५/१६७ करून मुक्ती चळवळींच्या निरीक्षकांनाही या करारानुसार संरक्षण द्या, असं देशांना सांगितलं. करार अंमलात यायला ३५ देशांची मान्यता लागते. पन्नास वर्षं होऊन गेली, तो आकडा गाठला गेलेला नाही. अमेरिका, स्वित्झर्लंड यांसारखे मोठे यजमान देश त्यात आलेच नाहीत.

यजमानांची तक्रार निव्वळ कांगावा नाही. न्यूयॉर्कमध्ये राजनैतिक गाड्यांचे थकलेले पार्किंगचे दंड हा वर्षानुवर्षांचा विनोद होता. हेरगिरीची भीती खरी असते. घरात मोलकरणीला राबवून घेणारे अधिकारीही खरे असतात. संरक्षणाची यादी लांबवत नेली तर भार यजमानावरच पडतो. म्हणून माझं मत असं, की निरीक्षकांसाठी वेगळा, आटोपशीर आणि पक्का नियम हवा. कार्यालय, कागदपत्रं आणि संपर्क यांना हात लावायचा नाही. प्रतिनिधीला त्याच्या कामापुरतं संरक्षण. त्याच्या सरकारने पाठवलेल्या प्रमुखाला सभेसाठी प्रवेश, संबंध कसेही असोत. आणि वाद झाला तर लवाद, ज्याला यजमान नाही म्हणू शकणार नाही. निरीक्षकाच्या कुटुंबाला करमुक्त गाडी मिळाली नाही तर आभाळ कोसळत नाही.

हा नियम सगळ्यांना लागू होईल, हे मात्र आधीच मान्य करून घ्यायला हवं. उद्या त्या बाकावर असा कोणी बसेल, ज्याचं बोलणं ऐकून आपलं रक्त खवळेल. त्याच्या व्हिसासाठीही हेच कलम ११ आपल्याला पुढे करावं लागेल.

भारताची यात भूमिका आहे आणि ती जुनी आहे. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश होता. दुसऱ्या वर्षी दिल्लीत तिचं कार्यालय उघडलं, १९८० मध्ये त्याला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये, घोषणेनंतर तीनच दिवसांत भारताने पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली. २०१२ आणि २०२४ च्या दोन्ही ठरावांना भारताचं मत होतं. म्हणजे देशाचा दर्जा मिळायच्या आधीच एका चळवळीच्या कार्यालयाला दिल्लीने दूतावासासारखं वागवलं होतं, आणि त्याने दिल्लीचं काही बिघडलं नाही. यजमान म्हणून हा अनुभव भारताने न्यूयॉर्कमध्ये, आमसभेच्या सहाव्या म्हणजे कायदेविषयक समितीत मांडावा, असं आम्हाला वाटतं.

आपल्या हातात काय, असा प्रश्न कमेंटमध्ये येईलच, म्हणून सांगून ठेवतो. भारतात या विषयावर १९४७ चा संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार आणि संरक्षण) कायदा आहे. त्याच्या कलम ३ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून इतर आंतरराष्ट्रीय संघटनांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना असे विशेषाधिकार देऊ शकतं. आजवर कोणाकोणाला दिले, कोणत्या तारखेला, कोणत्या अटींवर, याची यादी परराष्ट्र मंत्रालयाकडे माहिती अधिकारात मागायची, असं आम्ही संपादक मंडळात ठरवलं आहे. अर्जाचा मसुदा इंग्रजीत तयार आहे. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. जे उत्तर येईल ते दोन्ही भाषांत इथेच छापू.